शहर पाहायचे तर तिकीट काढून

मी आठवीत असताना पेरेंट्स डेसाठी आई मिरजेहून रात्रीच्या गाडीने बंगळुरूला आली होती. कार्यक्रम संपला, परतीच्या गाडीला चार तास होते आणि मला आउटपास मिळाला होता. गेटबाहेर आल्यावर आई म्हणाली, "तीन वर्षं झाली तुला इथं येऊन. दाखव की तुझं बंगळूर!"

मी भराभर नावे सांगितली. लालबाग, टिपू सुलतानाचा महाल, विधानसौध, कब्बन पार्क. सगळे माझे पाहून झाले होते. पण यातले एकही ठिकाण आम्ही उभे होतो तिथून कोणत्या दिशेला आहे, किती लांब आहे, तिथे कोणती बस जाते, हे मला सांगता येईना. शेवटी आईनेच कोपऱ्यावरच्या फुलवालीला मोडक्यातोडक्या हिंदीत विचारले आणि आम्ही लालबागेत पोहोचलो. या शहरात तीन वर्षे राहिलेला मी त्याच सकाळी आलेल्या आईच्या मागे चालत होतो.

मित्रांनो, ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांची आहे, म्हणून ती आधी सांगितली. आपण सहावीत इथे येतो आणि बारावी करून बाहेर पडतो. इतकी वर्षे आपण बंगळुरूत राहतो असे घरचे समजतात. खरे तर आपण शाळेच्या भिंतीच्या आत राहतो.

सहली होतात, नाही असे नाही. पण त्या कशा होतात ते आठवा. फॉल इन, मोजणी, शाळेच्या बसमध्ये पन्नास जण, अंताक्षरी. दारात उतरायचे, पुन्हा मोजणी, पाऊण तासात आत जाऊन बाहेर, ग्रुप फोटो, परत मोजणी. दोन ठिकाणांच्या मधे जे शहर असते ते अंताक्षरीत निघून जाते. म्हणून माझे मत असे आहे की शहराचा वारसा पाहायचा असेल तर कॅडेटने छोट्या गटात, मेट्रोने आणि सिटी बसने, स्वतः वाट शोधत जावे. गेल्या वर्षी काही महिने आपल्याला तशी परवानगी होती. ती का बंद झाली हेही मी पुढे लिहिणार आहे, कारण ती माझ्यामुळे बंद झाली.

परवानगी नववीपासून पुढच्या वर्गांना होती. महिन्यातून एक रविवार, पाच जणांचा गट, 1800 वाजता रोल कॉलला हजर. पहिल्या रविवारी आम्ही मॅजेस्टिकला गेलो आणि तिथून ग्रीन लाइनच्या मेट्रोने एकच स्टेशन पुढे, चिक्कपेटेला उतरलो. तिथून चालत निघालो.

मराठी मुलाला त्या भागात एक गोष्ट लगेच कळते. कन्नडमधले "पेटे" म्हणजे आपली पेठ. पुण्यात वारांच्या पेठा आहेत, इथे धंद्यांच्या आहेत. अक्की म्हणजे तांदूळ, म्हणून अक्कीपेटे. अरळे म्हणजे कापूस, म्हणून अरळेपेटे. कुंभारपेटे सांगायला नको. गाणिगरपेटे म्हणजे घाण्यावर तेल काढणाऱ्यांची. 1537 मध्ये केंपेगौडांनी हे शहर वसवले आणि अशा पेठांतून ते वाढले, हे पुस्तकात मी वाचले होते आणि पेपरात लिहिलेही होते. पण गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की शाळेची बस तिथे शिरूच शकत नाही. म्हणजे बसच्या सहलीत बंगळुरूचा सर्वांत जुना भाग कधी येणारच नव्हता.

पेठेतून दक्षिणेकडे चालत गेलो की के. आर. मार्केट लागते आणि त्याच्या पुढे किल्ला. केंपेगौडांचा किल्ला मातीचा होता, हैदरअलीने 1761 मध्ये तो दगडात बांधायला घेतला. आज त्यातला दिल्ली दरवाजा आणि थोडासा भाग उरला आहे. भिंतीवर एक पाटी आहे. 21 मार्च 1791 ला इंग्रजांनी ज्या खिंडारातून हल्ला केला ती ही जागा, असे त्यावर लिहिले आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धातला हा प्रसंग. कॉर्नवॉलिसच्या सैन्याने आधी 7 मार्चला पेठ घेतली आणि मग चौदा दिवसांनी किल्ला घेतला. आम्ही आलो ती वाटही तीच होती, आधी पेठ आणि मग किल्ला. मेट्रो हे अंतर एका स्टेशनात संपवते. ते सैन्य इथे दोन आठवडे का अडले असेल, यावर आम्ही दिल्ली दरवाजाखाली अर्धा तास वाद घातला. त्या युद्धात मराठे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूने होते, हेही तेव्हाच बोलण्यात निघाले आणि माझा तमिळ मित्र माझ्याकडे बघून हसला.

किल्ल्यापासून थोडे चालले की टिपूचा महाल येतो. सातवीत शाळेच्या बसने मी तो पाहिला होता. सागवानी खांब, कमानी, 1791 मध्ये पूर्ण झाला, सगळे पाठ होते. पण हा महाल मुळात किल्ल्याच्या आत होता, हे मला त्या दिवशी पायी चालताना समजले. मधली तटबंदी गेली आणि तिथे रस्ते, दुकाने आली. बसने येणाऱ्याला ही दोन वेगळी "पॉइंट्स" वाटतात. चालणाऱ्याला एका मोठ्या किल्ल्याचे दोन उरलेले तुकडे दिसतात.

दुसऱ्या वेळी आम्ही त्याच लाइनने उत्तरेला संपिगे रोड स्टेशनला उतरलो आणि मल्लेश्वरममधल्या काडू मल्लेश्वर मंदिरात गेलो. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाबरोबर शहाजीराजे या बाजूला आले आणि पुढे बंगळुरू त्यांची जहागीर झाली, हे मराठी मुलांना माहीत असते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी या मंदिराला 1669 मध्ये एक गाव दान दिल्याचा शिलालेख आहे. मंदिरही त्यांनीच बांधले असे सांगतात. समोरच नंदीतीर्थ आहे. ते काही दशकांपूर्वीपर्यंत जमिनीखाली गाडलेले होते. तिथे नंदीच्या मुखातून शिवलिंगावर पाणी पडत असते. शाळेच्या सहलीच्या यादीत हे मंदिर नाही. मला ते एका मेट्रो प्रवाशाने सांगितले. माझ्या नेमप्लेटवरचे आडनाव वाचून तो म्हणाला, "मग तुम्ही तिथे जायलाच हवे."

आता चुकीबद्दल. चौथ्या रविवारी आम्ही हलसूरच्या सोमेश्वर मंदिरात गेलो होतो आणि मी गटप्रमुख होतो. परत मेट्रोने येता आले असते. मी थोडे पैसे वाचवायला बसने यायचे ठरवले. बसचा नंबर बरोबर होता, पण नंबरापुढचे इंग्रजी अक्षर मी पाहिले नाही. त्या अक्षराने बसचा मार्ग बदलतो. पाटीवर ठिकाणाचे नाव कन्नडमध्ये लिहिले होते आणि मला वाचता येत नव्हते. आमच्या गटातल्या मंगळुरूच्या मित्राला वाचता येत होते, पण मी त्याला विचारले नाही, कारण गटप्रमुख मी होतो. बस भलतीकडे चालली आहे हे वीस मिनिटांनी लक्षात आले. शेजारच्या सीटवर एक म्हाताऱ्या बाई होत्या. कन्नडमध्ये आजीला अज्जी म्हणतात, एवढे मला माहीत होते. मी "अज्जी" म्हणून हाक मारली आणि पुढचे सगळे माझा मित्र बोलला. अज्जींनी आम्हाला कुठे उतरायचे ते सांगितले. कंडक्टरने स्वतःच्या मोबाइलवरून हाऊसमास्टर सरांना फोन लावून दिला. आम्ही 1840 ला गेटवर पोहोचलो. चाळीस मिनिटे उशीर.

आम्हा पाच जणांना चार रविवार एक्स्ट्रा ड्रिल मिळाले. ते योग्यच होते. पण त्याच आठवड्यात संपूर्ण शाळेची परवानगी बंद झाली आणि सहली पुन्हा शाळेच्या बसने सुरू झाल्या. मला बोलायचे आहे ते याबद्दल.

सर लोकांची काळजी मी समजू शकतो. आमचे आईवडील हजार किलोमीटरवर असतात आणि जबाबदारी शाळेची असते. एखादा कॅडेट खरोखर हरवला तर उत्तर हाऊसमास्टरांना द्यावे लागते. शिवाय गणवेशात एकाने गैरवर्तन केले तर नाव सगळ्यांचे जाते. हे सगळे खरे आहे. पण त्या संध्याकाळी नेमके काय चुकले? शहराने आम्हाला फसवले नाही, उलट दोन अनोळखी माणसांनी मदत केली. मी घाई केली, पाटी वाचली नाही आणि ज्याला माहीत होते त्याला विचारले नाही. या तिन्ही गोष्टी शिकवता येतात. एनसीसीच्या तासाला मॅप रीडिंगमध्ये पहिला प्रश्न असतो की नकाशावर आपण कुठे आहोत. कागदावर मला त्यात पूर्ण गुण आहेत. बसमध्ये मी नापास झालो. हा पेपर पुन्हा द्यायची सोय शाळेच्या बसमध्ये नाही, कारण तिथे वाट ड्रायव्हरला माहीत असते.

म्हणून परवानगी सुरू करताना काही अटी घालाव्यात असे मला वाटते. प्रत्येक गटाने शनिवारी जाण्यायेण्याचा मार्ग लिहून हाऊसमास्टरांना दाखवावा, परतीचा दुसरा मार्गही लिहावा. कन्नड पाट्या वाचण्याची छोटी परीक्षा पास झाल्याशिवाय कोणाला आउटपास देऊ नये. मी एक्स्ट्रा ड्रिलच्या चार आठवड्यांत अक्षरे शिकलो, अवघड नाहीत. परत येण्याची वेळ 1800 नव्हे तर 1630 धरावी, म्हणजे चूक झाली तरी दीड तास हातात राहील. आणि जो गट उशिरा येईल त्याचीच परवानगी जावी, सगळ्या शाळेची नको.

यंदाच्या नववीतली मुले मला विचारतात की किल्ल्यातले खिंडार खरेच दिसते का. मी त्यांना वहीत नकाशा काढून दाखवतो. दोन वर्षांपूर्वी आईबरोबर गेटबाहेर जसा मी उभा होतो, तशीच ही मुले उद्या उभी राहतील आणि त्याला कारण माझी चूक असेल, हे मला बरे वाटत नाही. पुढच्या टर्ममध्ये एक रविवार प्रयोग म्हणून द्यावा, एवढीच विनंती आहे. त्या रविवारी नववीला पाठवावे. मी शाळेत थांबेन आणि 1630 ला गेटवर त्यांची मोजणी घ्यायला उभा राहीन.