ब्रिस्टलची बस : मालक बदलले, हक्क कोणी दिला?

इंग्लंडमध्ये बससेवा पुन्हा सार्वजनिक नियंत्रणाखाली आणण्याचे वारे वाहत आहेत. २०१७ च्या कायद्याने महापौर असलेल्या प्रदेशांना तशी मुभा मिळाली होती. २०२५ च्या कायद्याने ती इतर स्थानिक संस्थांनाही दिली आणि नवी नगरपालिका बसकंपनी काढण्यावरची बंदीही उठवली. थॅचरबाईंचे खासगीकरण मोडीत निघत आहे म्हणून डावी मंडळी खूश आहेत. त्यात वाईट काही नाही. पण सरकारी मालकी आली की न्याय आपोआप येतो, हे त्यांचे गृहीतक ब्रिस्टल शहराने केव्हाच खोटे ठरवले आहे.

१९६३ साली ब्रिस्टल ऑम्निबस कंपनी सरकारी मालकीची होती. कॅरिबियन बेटांतून आलेल्या काळ्या कामगारांना ती वर्कशॉपमध्ये आणि कँटीनमध्ये हलक्या पगारावर घेत असे, बसवर कंडक्टर किंवा ड्रायव्हर म्हणून मात्र नाही. आणि कामगार संघटना? तिच्या स्थानिक शाखेने १९५५ मध्येच काळ्यांना बसवर घेऊ नये असा ठराव केला होता! कामगार एकजुटीच्या घोषणा देणारी हीच मंडळी.

मनमाडच्या १९३८ च्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी हेच दुखणे मांडले होते. गिरणीच्या विणकाम खात्यात अस्पृश्याला प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करावा लागे आणि सवर्ण कामगाराला विटाळ होई. लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना त्याविरुद्ध लढावेसे वाटले नाही. ब्रिस्टलच्या वर्कशॉपमधला काळा कामगार आणि मुंबईच्या गिरणीतला महार कामगार एकाच रांगेत उभे होते.

ब्रिस्टलमध्ये गाय बेली या तरुणाला मुलाखतीला बोलावले आणि तो वेस्ट इंडियन आहे हे कळताच मुलाखत रद्द केली. रॉय हॅकेट, ओवेन हेन्री, पॉल स्टीफन्सन यांनी एप्रिल १९६३ च्या अखेरीस बसवर बहिष्कार पुकारला. चार महिन्यांनी, २८ ऑगस्टला, कंपनीने वर्णबंदी उठवल्याचे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये बसवर चढलेला पहिला अश्वेत कंडक्टर भारतीय वंशाचा होता, रघबीर सिंग. १९६५ मध्ये ब्रिटनचा पहिला वंशभेदविरोधी कायदा झाला आणि १९६८ मध्ये तो नोकऱ्यांना लागू झाला. संघटनेला माफी मागायला मात्र २०१३ उजाडावे लागले.

पुढे १९८५ चा कायदा आला. ऑक्टोबर १९८६ पासून लंडन सोडून बाकी इंग्लंडमध्ये कोणीही कंपनी हव्या त्या मार्गावर बस चालवू लागली. नफ्याचे मार्ग कंपन्यांनी उचलले. तोट्याचे मार्ग बंद पडू द्यायचे किंवा जनतेच्या पैशातून अनुदान देऊन चालवून घ्यायचे, एवढेच कौन्सिलच्या हाती राहिले. ब्रिस्टलची बहुतेक सेवा 'फर्स्ट' या खासगी समूहाकडे गेली. मोटार नसलेल्या गरिबाला, म्हाताऱ्याला याची झळ बसली, हे मान्यच केले पाहिजे. पण मालक खासगी झाला म्हणून रंग पाहून नोकरी नाकारण्याची जुनी सोय त्याला परत मिळाली नाही. वंशभेदविरोधी कायदा सरकारी आणि खासगी दोघांवरही बंधनकारक होता.

मँचेस्टरने २०२३ ते जानेवारी २०२५ या काळात आपल्या बसगाड्या सार्वजनिक नियंत्रणाखाली घेतल्या. कंपन्या कोर्टात गेल्या आणि हरल्या. आता मार्ग, भाडे, वेळापत्रक प्रादेशिक सत्ता ठरवते. बस मात्र ठेका घेतलेल्या खासगी कंपन्याच चालवतात आणि ड्रायव्हर त्यांचेच नोकर असतात.

ठेक्याची ही रीत मुंबईकरांना नवी नाही. बेस्टचे नाव रंगवलेल्या कितीतरी गाड्या आज ठेकेदारांच्या आहेत. बेस्टच्या स्वतःच्या भरतीत आरक्षण आहे, ठेकेदाराने नेमलेल्या ड्रायव्हरला ते नाही. खासगी नोकरीतील आरक्षणाचा कायदा संसदेने अद्याप केलेला नाही आणि 'बेस्ट वाचवा' म्हणणाऱ्या संघटनांच्या मागण्यांत तो शोधावा लागतो.