पाठवायच्या आधी क्रियापद बघा

जेऊरहून पुण्याची गाडी धरणाऱ्या पोरापोरींना आणि केळी परदेशी धाडणाऱ्या आपल्या शेतकऱ्यांना एक विनंती आहे. इंग्रजी अर्ज किंवा मेल पाठवण्याआधी त्यातली क्रियापदं एकदा नीट बघा. स्पेलिंग चुकलं तर मोबाइल खाली लाल रेघ मारतो. चुकीचं क्रियापद मात्र बरोबर स्पेलिंगात लिहिलं, की बिनबोभाट निघून जातं.

सगळ्यात घात करतं ते 'डाउट'. विजेचं मीटर बिघडलंय अशी शंका असते आणि आपण लिहितो, 'आय डाउट दॅट द मीटर इज फॉल्टी'. इंग्रजीत त्याचा अर्थ नेमका उलटा निघतो: मीटर बिघडलं असेल असं मला वाटत नाही! म्हणजे आपल्याच तक्रारीवर आपण पाणी ओतलं. मराठीतली 'शंका' दोन्हीकडं चालते, तिथंच आपण फसतो. बिघडलं असावं असं वाटत असेल तर 'सस्पेक्ट' लिहा, नसावं असं वाटत असेल तर 'डाउट'.

'डिनाय' आणि 'रिफ्यूज'चंही तसंच. आरोप नाकारला तर 'डिनाय', सही करायला नकार दिला तर 'रिफ्यूज'. सोसायटी कर्ज देते ते 'लेंड', आपण घेतो ते 'बॉरो'. यात घोळ झाला तर देणेकरी कोण हेच समोरच्याला कळायचं नाही.

बाकी बऱ्याच ठिकाणी मराठीच वाट दाखवते. पडणे-पाडणे, वाढणे-वाढवणे यात आपण कधी चुकतो का? मग भाव वाढला तिथं 'राइज', भूतकाळात 'रोझ'. व्यापाऱ्यानं भाव वाढवला तिथं 'रेझ', भूतकाळात 'रेझ्ड'. आठवणे म्हणजे 'रिमेंबर', आठवण करून देणे म्हणजे 'रिमाइंड'. आडवं होणे 'लाय' आणि ठेवणे 'ले' ही जोडी मात्र जरा खट्याळ आहे. 'लाय'चा भूतकाळही 'ले'च होतो, आणि तिथं खुद्द इंग्रजांची तारांबळ उडते. तुम्ही सरळ 'पुट' लिहून मोकळे व्हा.

अडलंच तर शब्दकोश उघडा. शिकणाऱ्यांसाठीच्या चांगल्या इंग्रजी कोशात क्रियापदाच्या अर्थापुढं 'टी' किंवा 'आय' अशी खूण असते. 'टी' म्हणजे कर्म हवं, 'आय' म्हणजे नको.