गावचे अन्न आधी गावाला

पहाटेच्या टेम्पोने गावची वांगी, गवार व मेथी शहराच्या बाजारात जाते आणि तसलाच माल दोन दिवसांनी कोमेजून गावच्या दुकानात परत येतो. जाताना भाडे, हमाली व नासाडी शेतकऱ्याच्या अंगावर पडते. येताना पुन्हा भाडे व नफा गिऱ्हाइकाच्या. अंड्यांचीही तीच गत. शेजारणीच्या परसात कोंबड्या असूनही दूरच्या कुक्कुटशाळेतील अंडी विकत घेतली जातात.

हा दोष पिकवणाऱ्याचा नाही व खाणाऱ्याचाही नाही. कोणाकडे काय तयार आहे, याची वार्ताच गावात फिरत नाही. कायद्याची आडकाठीही नाही. २०१६ साली राज्य शासनाने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला.

गाडीभर टोमॅटो एका गावात खपणार नाहीत, हे खरे. मोठ्या मालाला शहराची पेठ हवीच. परंतु गावाची रोजची गरज भागेल एवढा माल गावातच राहावा, यात कोणाचे नुकसान आहे?

यासाठी गावपातळीवरील कार्यकर्त्याने एक साधे काम हाती घ्यावे. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर उत्पादकाचे नाव, माल व भाव त्याच्या संमतीने लिहावा. बोकड कापावयाचा असल्यास वाटे आधीच नोंदवून घ्यावेत. म्हणजे मटण ताजे मिळते व शिल्लक राहत नाही. कोंबड्यांना मानमोडीची लस वेळेवर टोचून घ्यावी, कारण एका साथीत अख्खे खुराडे रिकामे होते.

विश्वास मात्र मालानेच मिळवावा लागतो. ताजे अंडे पाण्यात टाकल्यास तळाशी आडवे बसते. शिळे होत गेलेले उभे राहते व फार जुने तरंगते. ही परीक्षा विकणाऱ्याने गिऱ्हाइकासमोर करून दाखवावी. वजनातही खोट नसावी.

परसातील अंड्यांचा पैसा बहुधा घरच्या बाईच्या हाती येतो व मुलांच्या वह्यापुस्तकांना लागतो. तीच अंडी शेजारच्या पोराच्या ताटात पडली, तर एका घराला उत्पन्न व दुसऱ्याला पोषण मिळते. फळा व खडू यांपलीकडे या कामास फारसा खर्च नाही. ज्या गावात पिकते, त्या गावातील मुलाने निकस खावे, ही गोष्ट कोणत्याही गावाला शोभणारी नाही.