मदतीला धावणाऱ्याची बाजू

चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस हे दगडी कोळशाचे गाव म्हणून प्रसिद्ध आहे. गावाच्या आसमंतात कोळशाच्या खाणी आहेत, सिमेंटचा कारखाना आहे आणि लोखंडाचाही कारखाना आहे. त्यामुळे येथील रस्त्यांवर रात्रंदिवस मालमोटारींची, म्हणजे ट्रकांची, वर्दळ असते. कोणी कोळसा भरून निघालेला असतो, तर कोणी सिमेंटची पोती. कोणी दूर गडचिरोली जिल्ह्यातील सूरजागडच्या डोंगरातील लोहखनिज घेऊन, एटापल्ली, आलापल्ली, आष्टी अशी रानावनातील वाट तुडवीत आलेला असतो.

ट्रकचालकाचे आपल्या गाडीवर मोठे प्रेम असते. महिन्यातील कितीतरी रात्री तो तिच्यातच झोपतो, तिच्याच सावलीत भाकरी खातो. तो तिच्या कपाळावर देवाचे नाव रंगवितो, आरशांना गोंडे बांधतो, मागच्या फळीवर आवडीची अक्षरे काढवून घेतो. अशा हौशी मंडळींत एखादा तरी असा असतो, की ज्याला गाडीचा केवळ नादच नव्हे, तर तिची विद्याही अवगत असते. नुसत्या आवाजावरून तो इंजिनाचे दुखणे ओळखतो. डिझेलच्या नळीत हवा शिरली, की इंजिन चालू होत नाही. तेव्हा हातपंप दाबून ती हवा कशी काढावी, हे तो जाणतो. दुसऱ्याची गाडी वाटेत अडलेली दिसली, की तो आपली गाडी कडेला घेतो, चाकांमागे दगड लावतो, हात काळे करतो आणि मोबदला न घेता निघून जातो. ज्या अरण्यात कोसच्या कोस दुरुस्तीचे दुकान नाही, तेथे असा माणूस म्हणजे अडलेल्याला देवच भेटल्यासारखे वाटते.

परंतु या देवालाही एखादे वेळी आरोपीच्या जागी उभे राहावे लागते. समजा, अशा चालकाने रात्री रानात बंद पडलेली एक गाडी चालू करून दिली. ती वीस-पंचवीस किलोमीटर गेली आणि इंजिन तापून पुन्हा थांबली. इंजिनातील पाणी पूर्वीपासूनच गळत होते. त्याचा डिझेलच्या नळीशी काही संबंध नव्हता. पण गाडीचा मालक संतापला आणि नोकरी जाण्याच्या भीतीने तिचा चालक बोलून गेला, “त्या माणसाने हात लावला, म्हणूनच गाडी बिघडली.” झाले! दुसऱ्या दिवशी वजनकाट्यापाशी रांगेत उभ्या असलेल्या चालकांसमक्ष मदत करणाऱ्यास जाब विचारण्यात आला. “तुला नसता उद्योग सांगितला कोणी? आता भरपाई दे!” त्या रांगेतील निम्म्या लोकांच्या गाड्या त्याने कधी ना कधी चालू करून दिल्या होत्या. तरीही सारे चहाच्या पेल्यात पाहत राहिले. ‘गरज सरो आणि वैद्य मरो’ ही म्हण अशाच प्रसंगांतून जन्मली असली पाहिजे.

हे लोक दुष्ट होते काय? मुळीच नाही. ‘आपण कशाला मध्ये पडावे?’ एवढाच विचार त्यांनी केला. पण या मौनाची किंमत कोण मोजतो, हे पाहिले पाहिजे. भरपाईचे पैसे एक वेळ तो चालक भरील. परंतु पुढच्या खेपेस रानातील अंधारात दिवे विझलेली गाडी दिसली, तर तो थांबेल काय? त्याचा पाय ब्रेकवर जाता जाता अडखळेल. त्या रात्री जो अडला असेल, त्याचा या भांडणाशी काही संबंध नसेल. आणि तरीही या मौनाचे फळ त्यालाच भोगावे लागेल. मदत करणाऱ्याला एकटे पाडले, की नुकसान त्याच्या एकट्याचे होत नाही. पुढे अडणाऱ्या प्रत्येकाचे होते.

बिघडलेल्या गाडीच्या बाबतीत जे घडते, तेच जखमी माणसाच्या बाबतीत घडले, तर प्राणावर बेतते. २००७ साली दिल्लीत एक शाळकरी मुलगा अपघातात जखमी होऊन रस्त्यात पडून राहिला. पाहणारे होते, पण वेळेवर उचलणारा मिळाला नाही, आणि तो मुलगा दगावला. पोलीस मागे लागतील, रुग्णालय पैसे मागेल, न्यायालयात हेलपाटे घालावे लागतील, या भयाने आपल्या देशात लोक जखमीला हात लावण्यास कचरत असत. त्या मुलाचे आप्त पीयूष तिवारी यांनी पुढच्या वर्षी ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली, आणि २०१२ मध्ये ही संस्था सर्वोच्च न्यायालयात गेली. तिची मागणी बघ्यांना शिक्षा व्हावी अशी नव्हती. मदत करणाऱ्याला अभय मिळावे, अशी होती. ३० मार्च २०१६ रोजी न्यायालयाने ते अभय देणारी मार्गदर्शक तत्त्वे देशभर बंधनकारक केली. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम घालण्यात आले. अपघातग्रस्ताला निरपेक्ष बुद्धीने मदत करताना कोणाच्या हातून चूक झाली आणि जखमीला त्यामुळे इजा झाली, तरी मदत करणाऱ्यावर खटला चालणार नाही, असे हे कलम सांगते. त्याला आपले नाव वा पत्ता सांगण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही, असा नियमही २०२० मध्ये झाला.

हा कायदा रस्त्यावरील जखमीला उचलणाऱ्यासाठी आहे. वजनकाट्यापाशी मान खाली घालून उभ्या असलेल्या त्या चालकासाठी असे कलम नाही. तेथे सोबत्यांचे शब्द हेच त्याचे संरक्षण. “हा माणूस माझ्याही गाडीला उपयोगी पडला आहे, आधी इंजिन तपासा, मग त्याला बोल लावा,” एवढे एकाने म्हटले असते, तर दुसऱ्यालाही धीर आला असता आणि खरे कारण उघडकीस आले असते.

येथे कोणी विचारील, की मदत करणाऱ्याची चूक झाली असेल, तर ती झाकावी काय? नाही. पाठराखण करणे म्हणजे चुकीवर पांघरूण घालणे नव्हे. चूक असेल, तर ती दाखवावी. मदत करणाऱ्यानेही आपल्याला येत नाही तेथे हात घालू नये. परंतु चौकशीपूर्वीच दोषी ठरविणे आणि एका चुकीपायी शंभर उपकार विसरणे, यांस न्याय म्हणत नाहीत. खरी पाठराखण सत्याच्या बाजूने उभी राहते. म्हणून तिला ओरडण्याची गरज नसते, फक्त वेळेवर बोलण्याची गरज असते.

ही गोष्ट केवळ ट्रकचालकांपुरती नाही. वर्गात एखादी मुलगी सर्वांना गणिते समजावून सांगते. परीक्षेत कोणाचे उत्तर चुकले, की तोच तिच्यावर खापर फोडतो. एखादा मुलगा पडलेल्या सवंगड्याला उचलायला जातो आणि ‘यानेच ढकलले’ असा आळ त्याच्यावर येतो. तेव्हा ज्यांनी खरे पाहिले असेल, त्या मुलांनी उठून उभे राहावे आणि पाहिले तेवढेच सांगावे. असे बोलायला धैर्य लागते, हे खरे. पण रात्रीच्या अंधारात अनोळखी माणसासाठी गाडी थांबवायलाही धैर्यच लागले होते. त्या धैर्याची फेड पैशाने होत नाही. ती त्याच्या पाठीशी उभे राहूनच होते. आणि मगच रानातल्या त्या वाटेवर अडलेल्या गाडीजवळ आणखी एक गाडी येऊन थांबते.