पाणी कुठवर आलं होतं?

गेले चार शनिवार आम्ही दोघं फ्लॅट बघत फिरतोय. परवा कलिन्याला एक रीसेलचा टू बीएचके बघितला. पहिला मजला, बजेटमध्ये बसणारा. एजंटने मॉड्युलर किचन दाखवलं, बीकेसी किती मिनिटांवर आहे ते दोनदा सांगितलं. खाली उतरल्यावर मी वॉचमनकाकांना सहज विचारलं, "काका, २००५ ला पाणी कुठवर होतं?" त्यांनी काही न बोलता मीटर रूमच्या दाराच्या वरच्या कडीवर हात ठेवला. एजंटला नेमका तेव्हाच फोन आला :)

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच दिवशी कुलाब्याला १०० मिमीसुद्धा झाला नव्हता, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. म्हणजे "मुंबईत पूर येतो" या वाक्याला तसा काही अर्थ नाही. पूर गल्लीत येतो. आणि आपण विकत घेतो तीही गल्लीच.

"अहो, तसला पाऊस शंभर वर्षांतून एकदा!" हे वाक्य मी चार एजंटांकडून ऐकलंय. आपण इंजिनियर लोक, जरा गणित करू. नद्यांच्या काठी निळी आणि लाल पूररेषा आखतात, पुण्या-कोल्हापूरकडच्यांना माहीत असेल. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. याचा अर्थ "एकदा आला, आता शंभर वर्षं सुट्टी" असा नाही. दरवर्षी १ टक्का शक्यता, दरवर्षी नव्याने फासा. २० वर्षांच्या होमलोनमध्ये लाल रेषेपर्यंतचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता निघते १८ टक्के. निळ्या रेषेपर्यंतचा? ५६ टक्के. म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा वाईट. वर हा हिशोब जुन्या पावसावरचा, आणि पाऊस काही जुना राहिलेला नाही.

त्यात मुंबईचं दुखणं नुसतं नदीचं नाही. जुनी गटारं ताशी २५ मिमी पावसाच्या हिशोबाने बांधलेली. ती ५० मिमीची करा, असं ब्रिमस्टोवॅडचा अहवाल १९९३ मध्ये सांगून गेला. समुद्राकडची त्यांची बरीचशी तोंडं भरतीच्या पातळीखाली येतात. भरती आणि जोरदार पाऊस एका वेळी आले की गटारातलं पाणी जाणार कुठे? २००५ ला दुपारी नेमकी मोठी भरती होती. नंतर पंपिंग स्टेशनं झाली, त्याने फरक पडला, नाही असं नाही. पण मे २०२५ मध्ये वरळीचं आचार्य अत्रे चौक मेट्रो स्टेशन सुरू होऊन महिना व्हायच्या आत पाण्यात गेलंच ना?

तेव्हा ब्रोशर बाजूला ठेवा, आधी नाव वाचा. पायधुणी, उमरखाडी... जुन्या लोकांनी पाण्याचा पत्ता नावातच लिहून ठेवलाय. (आता तिथे 'लेक व्ह्यू' टॉवर आला तर हसू नका.)

"आपण तर सातव्या मजल्यावर" असं म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. मीटर रूम तळाला, पंप तळाला, लिफ्टचा खड्डा तळाला, पिण्याच्या पाण्याची टाकी जमिनीखाली. सातव्या मजल्यावर तुम्ही कोरडे असता, पण वीज नाही, पाणी नाही आणि आजी-आजोबांना जिन्याने उतरता येत नाही. गाडी बुडाली असेल तर कृपया चावी फिरवू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नसेल तर तो क्लेम बहुधा नाकारतात. लोनबरोबर बँक जो विमा गळ्यात मारते तो पुष्कळदा तुमच्या जिवाचा असतो, घराचा नाही. घराच्या विम्यासाठी २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही स्टँडर्ड पॉलिसी आहे, तिच्यात पूर येतो. पण लिफ्ट, पंप, मीटर रूम हे सोसायटीचे. सोसायटीचा विमा आहे का, हे सेक्रेटरीला विचारा आणि त्यांचा चेहरा बघा.

माझं म्हणणं सरळ आहे. विक्रीच्या करारात पार्किंगचा नंबर लिहितो, तसं "या इमारतीत आजवर पाणी कधी आणि कुठवर आलं" हे लिहिणं सक्तीचं करावं. बिल्डर विरोध करतील हे गृहीत आहे. पण खरा विरोध आपलाच असणार. सध्या भाड्याने राहतो त्या सोसायटीत मीटर रूम वर उचलायचा प्रस्ताव आला होता. एक गृहस्थ म्हणाले, "काम काढलं की लोकांना कळेल, रेट पडेल." प्रस्ताव बारगळला. मीटर अजून तिथेच आहेत, गुडघ्याच्या उंचीवर.

हे सगळं परवा घरी येताना बायकोला तावातावाने सांगत होतो. तिने शांतपणे विचारलं, "आणि दहा वर्षांनी आपण हाच फ्लॅट विकायला काढला, तर येणाऱ्याला तू ती कडी दाखवशील?"

मी सिग्नल बघत बसलो. एजंटचा दोनदा फोन येऊन गेलाय, टोकन कधी देताय म्हणून. अजून उचललेला नाही.