कंसात गाव, कंसात सर्व्हे क्रमांक

गोव्यातल्या पेडणे किंवा डिचोली तालुक्यातल्या जमिनीची नोंद काढायची तर आधी गाव सांगावा लागतो, मग सर्व्हे क्रमांक, मग उपविभाग. नमुना एक-चौदाचा उतारा याच वाटेने हाती येतो. क्रमांक गावागणिक नव्याने सुरू होतात, म्हणून मांद्र्याचा ४५ वेगळा आणि मयेचा ४५ वेगळा. अशा दप्तरासाठी क्लास लिहिताना नोंदी["मांद्रे"]["४५/२-ए"] असे ॲरेसारखे लिहिता आले, तर पुढे तो कोड वाचणाऱ्याला काही विचारावे लागत नाही. ही सोय पायथन, सी++, सी शार्प, कोटलिनमध्ये आहे. पीएचपीत ॲरेॲक्सेसच्या चार मेथड लिहिल्या की झाले. जावाने ती दिलेली नाही, तिथे 'गेट'वर भागवावे लागते.

आमचा आग्रह एकच आहे: कंसातून वाचताना दप्तरात काहीही बदलता कामा नये. सी++ चा 'मॅप' पाहा. नसलेली किल्ली कंसात घालून विचारली की तो गुपचूप कोरी नोंद तयार करतो आणि तीच हातात देतो. शब्द मोजायचे असतील तेव्हा हे फार सोयीचे. पण इथे कुणी ४५/२ ऐवजी ४५/२२ टाइप केले, तर गावात नसलेला तुकडा दप्तरात उभा राहतो, मालकाचा रकाना कोरा घेऊन. तो सेव्ह झाला तर निस्तरणार कोण? अशा ठिकाणी 'ॲट' वापरावे, ते एरर फेकते. आपल्या क्लासलाही तेच वळण लावावे.

पायथनमधला खड्डा चटकन दिसत नाही. क्लासमध्ये कंस चालवणारे 'गेटआयटेम' लिहिले, पण 'कंटेन्स' आणि 'इटर' राहिले, तर 'इन' वापरून "४५/२ या गावात आहे का?" असे विचारताच पायथन ० पासून एकेक आकडा गेटआयटेमला देत सुटतो. इंडेक्सएरर आला तर तो "नाही" समजून थांबतो. आपला क्लास मात्र ० हा सर्व्हे क्रमांक नाही म्हणून पहिल्याच फेरीत कीएरर फेकतो आणि प्रोग्राम कोसळतो. त्यातून नसलेल्या क्रमांकाला कोरी नोंद देणारा क्लास असेल तर ही फेरी संपतच नाही! या दोन मेथड गेटआयटेमबरोबरच लिहाव्यात.

किल्लीही नीट घडवावी लागते. '४५/२ए', '४५/२-ए' आणि '४५ / २-ए' हा एकच तुकडा, पण साध्या स्ट्रिंगच्या हिशेबी तीन; शिवाय क्रम लावला की १० येतो २ च्या आधी. सर्व्हे क्रमांकाचा स्वतंत्र, तयार झाल्यावर न बदलणारा क्लास करावा आणि त्याची समानता व हॅश एकाच ठरलेल्या रूपावरून काढावेत.

मालकाच्या नावाचा शोध मात्र कंसात कोंबू नये. एका नावावर चार गावांत तुकडे असू शकतात, एका तुकड्यावर भावाभावांची सामाईक नावे. उत्तर म्हणून यादी येते, कधी रिकामीही. त्यासाठी 'मालकाचे_तुकडे' अशी सरळ नावाची मेथड लिहावी.