डॉज विकणे आहे!

बंगळुरूच्या जे. सी. रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने एकमेकांना खेटून उभी आहेत. जुनी अमेरिकन पिकअप नव्याने उभी करायची, तर इथल्या शौकिनाची पायपीट बहुधा याच रस्त्यावर सुरू होते. पुढे अशी एखादी डॉज किंवा फार्गो रंगून, चकाकून विक्रीला निघाली, की गिऱ्हाईक भुलते ते रंगाला. खरी गोम मात्र बॉनेटखाली असते!

डॉजशी बंगळुरूचे नाते तसे जुळता जुळता राहिलेले. सोलापूरचे वालचंद हिराचंद १९३९ साली मोटार कारखान्याच्या खटपटीसाठी अमेरिकेला गेले. त्या प्रवासात विल्यम पॉली या विमान व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली आणि १९४० च्या डिसेंबरात बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. मोटारींचा कारखानाही म्हैसूर संस्थानात काढण्याचा घाट होता. सर विश्वेश्वरय्या त्यासाठी झटत होते, दरबारही राजी होता. नव्हते ते दिल्लीतले इंग्रज सरकार. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स निघाली ती मुंबईत. क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो आणि फार्गो अशा तीन नावांचे ट्रक बाहेर पडू लागले. गाडी जवळपास तीच, फक्त पाटी वेगळी!

पेट्रोल महागले तशी कित्येक मालकांनी जुन्या गाड्यांची पेट्रोल इंजिने उतरवून डिझेल बसवली. तेव्हा ते शहाणपणाचेच होते. आज तेच आड येते. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे. गाडी रोजच्या कामाला काढता येत नाही; रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे एवढ्यापुरतीच. शिवाय ही सवलत बिनव्यापारी वापराच्या गाड्यांना. पिकअपच्या पुस्तकात ‘मालवाहू’ अशी नोंद असेल, तर बयाणा देण्यापूर्वीच आरटीओत चौकशी केलेली बरी.

म्हणून घेणाऱ्याने आधी इंजिन व चासीचे नंबर पुस्तकाशी ताडून पाहावेत, रंगाचे कौतुक नंतर. आणि डिझेल बसवलेले दिसले, तर मूळ इंजिन कुठे शेडच्या कोपऱ्यात पडून आहे का, हे विकणाऱ्याला जरूर विचारावे.